डाळ, डिप्लॉयमेंट आणि बातम्या एकाच वहीत असू द्या

पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी पुण्यात वाघोलीला राहतो, सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. घरी आई, बायको आणि लहान मुलगी. लॉकडाउनमध्ये स्वयंपाक शिकलो आणि त्याच सुमारास रोज झोपण्याआधी लॅपटॉपवर मराठीत आठ-दहा ओळी लिहायची सवय लागली. दिवसभरातली एखादी बातमी, ऑफिसात अडलेला बग, टीव्हीवर काय पाहिलं, काय शिजवलं, जे सुचेल ते. महिनाअखेरीला सगळं चार मित्रांना पाठवतो. त्यातला एक म्हणतो, नुसती खिचडी झालीये, एक विषय धर, इंग्रजीत टेक्निकल लिही, नोकरीत उपयोग होईल. बहीण म्हणते, तू उसळ केलीस हे कोणाला वाचायचंय? शिवाय आता एआय कुठल्याही विषयावर माझ्यापेक्षा बरं लिहितं. बातम्यांचं तर असं झालंय की नोंद करायची म्हणून फोन उघडतो आणि रात्रीचा एक वाजतो. मध्यंतरी टीव्हीवरून बायकोशी झालेलं भांडण मी लिहिलं, ते मित्रांना गेलं. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. हे लिहिणं बंद करू का? की विषयवार वेगळं करू? काही नोंदी सोबत जोडल्या आहेत.
वाघोलीचा एक वाचक"

उत्तर:

नमस्कार.

बंद करू नका, आणि विषयवार तुकडेही पाडू नका. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही. तुम्ही पाठवलेल्या सगळ्या नोंदी वाचल्या, दोन-तीन तर पुन्हा पुन्हा वाचल्या. सगळ्या सारख्या चांगल्या नाहीत, त्याबद्दल पुढे बोलतेच. आधी त्यातली सगळ्यात चांगली नोंद इतर वाचकांसाठी इथे देते.

"आज पुन्हा डाळ शिजली नाही. पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली येतोय. डाळ तीच, कुकर तोच. आई म्हणाली, सोमवारपासून टँकरचं पाणी आहे ना, त्याचे हे गुण. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आहे, आठवडाभर टँकरच. उद्या आरओच्या पाण्यात लावून बघतो." आणि दुसऱ्या दिवशी एकच ओळ: "आरओच्या पाण्यात तीन शिट्ट्यांत डाळ मऊ. आईचं बरोबर होतं."

दर उन्हाळ्यात पुण्याच्या पेपरांत खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून किती टीएमसी पाणी उरलंय ते छापून येतं. चारही भरली की 29.15 टीएमसी, आणि एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर. हे आकडे आपण वाचतो आणि पान उलटतो. तुमच्या नोंदीत तोच तुटवडा कुकरमध्ये दिसला. पुण्याच्या कडेच्या वस्त्यांत टँकर बरेचदा बोअरवेलवर भरलेला असतो. ते पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. डाळीच्या दाण्यातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन शिजताना विरघळतं, म्हणून डाळ मऊ होते. कॅल्शियम त्या पेक्टिनला पकडून घट्ट करतं, मग शिट्ट्या किती का होईनात. तुमच्या आईंना पेक्टिन ठाऊक असायची गरज पडली नाही. त्यांना सोमवार लक्षात होता. तुम्ही दुसऱ्या दिवशी पाणी बदलून पाहिलंत आणि बाकी काही बदललं नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणं ही ऑफिसातली सवय, ती तुम्ही ओट्यापाशी वापरलीत.

आता विचार करा, स्वयंपाक एका फाइलीत, बातम्या दुसरीत आणि टेक्निकल तिसरीत, असं केलं असतंत तर ही नोंद कुठे गेली असती? स्वयंपाकाच्या फाइलीत डाळ शिजली नाही एवढंच राहिलं असतं. बातम्यांच्या फाइलीत पाणीसाठ्याचा आकडा. दोन्हींना जोडणारा सोमवार मधल्या मध्ये हरवला असता. तुमच्या मित्राला जी खिचडी वाटते, त्या खिचडीमुळेच हे तुम्हाला दिसलं. दिवस काही विषय पाडून येत नाही. सकाळी ऑफिसची स्टँडअप मीटिंग, दुपारी कुठली तरी बातमी, संध्याकाळी कुकर, रात्री आईंची मालिका, हे सगळं एकाच माणसाच्या वाट्याला येतं, आणि त्या माणसाने ते एका जागी लिहिलं तरच त्यातले धागे सापडतात. आपल्याकडे जुन्या घरांत हिशेबाच्या वह्या असत. दुधाचा रतीब, रॉकेलचा भाव, कोणाचं बारसं, पाऊस कधी लागला, सगळं एकाखाली एक. माझ्या आजोळी अशा वह्या होत्या. मामा त्या काढून बसला की एखाद्या साली जोंधळा महाग झाला आणि त्याच सुमारास कोणाचं लग्न पुढे ढकललं, असं काही तरी हमखास समोर यायचं. लिहिणाऱ्याने ते जोडून दाखवलं नव्हतं. शेजारी शेजारी लिहून मात्र ठेवलं होतं.

मित्राच्या सल्ल्यातला अर्धा भाग मी मान्य करते. एखादा अवघड बग सोडवलात आणि तो इतरांनाही छळत असेल, तर तो जरूर इंग्रजीत स्वतंत्र लिहा. तो ज्याला हवाय तो माणूस शोधत येईल आणि आशीर्वाद देईल. नोकरीत उपयोग झाला तर उत्तमच. पण ते वेगळं काम आहे. त्यासाठी या वहीचा बळी देऊ नका.

आता कमी पडणाऱ्या नोंदींकडे येते, आणि इथे जरा स्पष्ट बोलते. बातम्यांबद्दलच्या तुमच्या बहुतेक नोंदी मला फिक्या वाटल्या. "आजच्या बातम्या निराशाजनक. कुठे चाललंय सगळं कळत नाही." हे वाक्य त्या दिवशी लाखो लोकांच्या मनात आलं असेल. ते खोटं नाही, पण ते लिहायला तुमचीच गरज होती असंही नाही. एआयची भीती तुम्हाला वाटते ती अशा वाक्यांपुरती खरी आहे. एखाद्या घटनेबद्दल सर्वसाधारण हळहळ, सर्वसाधारण मत, दोन्ही बाजूंचा गोषवारा, हे यंत्र आजच चटकन लिहून देतं आणि व्याकरणही चुकत नाही. वाघोलीतल्या तुमच्या कुकरची पाचवी शिट्टी मात्र त्याने ऐकलेली नाही.

19 जुलै 2024 ची तुमची नोंद घ्या. तो शुक्रवार होता. तुम्ही लिहिलंय: "आज जगभर कॉम्प्युटर बंद पडले. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास." एवढंच. हे तर टीव्हीच्या पट्टीवर चाललेलंच होतं! आणि तुम्ही तर त्यातले जाणकार. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमध्ये एक सदोष फाइल गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जवळपास 85 लाख विंडोज मशीन कोसळली. कंपनीने दीड तासाच्या आत ती फाइल मागे घेतली, तरी कितीतरी ठिकाणी गोंधळ पुढे अनेक दिवस चालू राहिला. का? कारण ते सॉफ्टवेअर ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालतं. तिथे चूक झाली की अख्खं मशीन पडतं, पुन्हा चालू केलं की पुन्हा पडतं, आणि जे मशीन चालूच होत नाही त्याला दुरुस्त फाइल इंटरनेटवरून पाठवायची कशी? म्हणून माणसांनी एकेका मशीनपाशी जाऊन हाताने फाइल काढली. माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला हे कळायला बरंच वाचावं लागलं. तुम्ही ते जेवताना आईंना पाच मिनिटांत समजावलं असतंत. कदाचित समजावलंही असेल, फक्त लिहिलं नाहीत. त्या शुक्रवारी तुमच्या ऑफिसात लोक काय बोलत होते? शुक्रवारी डिप्लॉय करू नये, म्हणजे नवा कोड चालू सिस्टिमवर चढवू नये, असं तुमच्या धंद्यात म्हणतात, त्याची आठवण कोणी काढली का? मला ते वाचायचं होतं.

तेव्हा बातम्यांसाठी माझा एवढाच आग्रह आहे: जिथे तुमच्याकडे काही आहे तीच बातमी लिहा. म्हणजे त्यातलं काही तुम्हाला आतून कळतं, किंवा तिची झळ तुमच्या घरात पोचली आहे, किंवा तुम्ही तिथे होतात. बाकीच्या बातम्या महत्त्वाच्या नाहीत असं अजिबात नाही. त्या वाचा, त्यावर बोला, मत देताना लक्षात ठेवा. पण नोंदलीच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर करू नका, कारण ती सक्तीच तुम्हाला रात्री एकपर्यंत जागवते आहे.

त्या जागरणाबद्दल. दूरदर्शनचं मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं मराठी घरांत सातच्या बातम्या हा संध्याकाळचा एक ठरलेला भाग होता. प्रदीप भिडे यांच्या आवाजात त्या ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. वाईट बातम्या तेव्हाही असायच्या. युद्ध, दंगली, भूकंप सगळं त्या आवाजातून घरात आलं. पण त्या ठरलेल्या वेळेला संपायच्या, आणि संपल्या की घर पुन्हा पानं घेण्याच्या तयारीला लागायचं. तुमच्या फोनवरच्या बातम्यांना शेवटच ठेवलेला नाही. खाली सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही रचना अझा रास्किन या डिझायनरने 2006 मध्ये केली, आणि पुढे तिचे परिणाम पाहून त्याने जाहीरपणे खंतही व्यक्त केली. तुम्ही स्वतः स्क्रीन बनवता. न संपणारी यादी कशी लिहितात हे तुम्हाला माहीत आहे, तरी रात्री त्याच यादीपुढे तुमचा निभाव लागत नाही. यात तुमच्या मनोबलाचा दोष काढू नका. ती यादी त्यासाठीच घडवलेली आहे.

म्हणून बातमीची नोंद रात्री करूच नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर छापील पेपर वाचा किंवा ठरावीक वेळेचं एक बातमीपत्र ऐका, आणि कालच्या बातम्यांतलं जे अजूनही डोक्यात आहे तेवढंच संध्याकाळी लिहा. एका रात्रीत बरंचसं आपोआप गळून पडतं. जे उरतं त्यावर लिहिण्यासारखं काही असतं. रात्री लिहिताना फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. बाकीच्या नोंदींना तो लागतच नाही. डाळ किती वेळ शिजली हे बघायला कुठलं ॲप उघडणार आहात?

टीव्हीच्या नोंदींचंही थोडं असंच आहे. मालिकांना आणि वेबसिरीजना तुम्ही पाचापैकी तारे देता, कथा सांगता, अभिनय बरा होता म्हणता. ते सोडून द्या, ते करणारे पुष्कळ आहेत. पण 23 ऑगस्ट 2023 ची नोंद! चांद्रयान-3 उतरतानाचं थेट प्रक्षेपण तुम्ही चौघं मिळून बघत होतात. मुलगी मधेच खेळायला उठली. आईंनी वेगाचा आलेख बघून विचारलं, "मागच्या वेळी पडलं होतं ना रे? मग या वेळी काय वेगळं केलंय?" आणि तुम्ही लिहिलंत, "मला नीट सांगता आलं नाही." नंतर तुम्ही ते शोधलंत का, हे नोंदींत सापडलं नाही. शोधायला हवं होतं, कारण त्याचं उत्तर तुमच्याच कामातलं आहे.

सप्टेंबर 2019 मध्ये चांद्रयान-2 चा विक्रम लँडर शेवटच्या टप्प्यात भरकटला आणि आदळला. तेव्हा उतरण्यासाठी ठरवलेली जागा 500 मीटर बाय 500 मीटर एवढी छोटी होती. चांद्रयान-3 साठी ती साधारण 4 किलोमीटर बाय अडीच किलोमीटर इतकी मोठी केली, इंधन वाढवलं, पाय भक्कम केले. इस्रोचे तेव्हाचे प्रमुख एस. सोमनाथ यांनी जुलै 2023 मध्ये सांगितलं होतं की मागची रचना यश गृहीत धरून केली होती, या वेळची अपयश गृहीत धरून केली आहे. म्हणजे सेन्सर बिघडला तर काय, इंजिन बिघडलं तर काय, हिशेब चुकला तर काय, असं एकेक विचारत ती बांधली. तुम्ही कोड लिहिताना हेच करता ना? सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर काय, वापरणाऱ्याने नावाच्या रकान्यात आकडा टाकला तर काय. तुमच्या आईंनी अख्ख्या मोहिमेतला सगळ्यात मोठा प्रश्न सोफ्यावर बसून विचारला. आजही वेळ गेलेली नाही. त्यांना हे सांगा, त्या पुढे काय विचारतात ते बघा, आणि ते लिहा. टीव्हीबद्दल लिहायचं तर खोलीतल्या माणसांबद्दल लिहा. पडद्यावरचं सगळ्यांना सारखंच दिसतं.

स्वयंपाकाबद्दल मला फार सांगायचं नाही, कारण तिथे तुमची नजर आपसूकच चांगली आहे. ज्वारीच्या भाकरीची नोंद वाचताना मी ओट्यापाशीच उभी होते. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली, थापताना कडेला चिरा, आईंनी उकळतं पाणी ओतून पीठ थोडा वेळ झाकून ठेवायला सांगितलं, मग मळल्यावर परातीत गोळा सुटा फिरू लागला. बहिणीला म्हणावं, उसळ केलीस हे कोणाला वाचायचं नसेलही, पण मटकीला मोड आले नाहीत त्या दिवशी काय झालं हे वाचायला लोक येतील. फक्त एक करा, मापं लिहा. "अंदाजे पाणी" असं लिहू नका. ज्याला अंदाज आहे त्याला तुमच्या नोंदीची गरज नाही, आणि तुमच्या मुलीला पुढे कधी ही फाइल सापडली तर तिला आजीची वाटी केवढी होती हे कळलं पाहिजे. ती वाटी एकदा मोजून ठेवा, किती मिलिलिटरची आहे ते.

ही सूक्ष्म नजर किती मोलाची असते याचं तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण देते. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारा इंजिनिअर आपल्या चाचण्या घेत बसला होता. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, असं त्याच्या लक्षात आलं. दुसरं कोणी चहा प्यायला उठून गेलं असतं. हा मागे लागला, आणि एक्सझेड या जगभर वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे अनेक प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, कोणीतरी आत शिरायला चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. बसवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून इमानाने काम करून विश्वास कमावला होता. तो चोरदरवाजा सगळीकडे पसरला असता तर काय झालं असतं याची कल्पना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. अर्ध्या सेकंदाकडे लक्ष देणारा माणूस आणि पाचव्या शिट्टीकडे लक्ष देणारा माणूस एकाच जातकुळीचे. रोज आठ-दहा ओळी लिहिल्याने ही सवय शाबूत राहते, आणि माझ्या मते तुमच्या नोकरीला याहून मोठा उपयोग दुसरा नाही.

तुमच्या मित्राचा तंत्राचा मुद्दा बाजूला ठेवला तरी तंत्राचीच एक सूचना आहे. नोंदी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फॉन्टशी न बांधलेल्या प्रमाणित अक्षरसंचात ठेवा, एखाद्या ॲपच्या पोटात नको. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, तरी त्यानंतर कित्येक वर्षं मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टला बांधलेल्या पद्धतींतच टाइप होत राहिला. त्या काळातल्या फायली आज उघडल्या की फॉन्टशिवाय नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, शोधायला जावं तर काहीच सापडत नाही. छापलेली पुस्तकं राहिली, फायली मुक्या झाल्या. तुमच्या लिखाणाचं तसं होऊ देऊ नका. एक प्रत घराबाहेर कुठेतरी असू द्या.

ऑफिसबद्दल लिहिताना क्लायंटचं नाव, प्रॉडक्टचं नाव, एररमधला खरा डेटा, यातलं काही येऊ देऊ नका, मित्रांनाच पाठवत असलात तरी. हे तुम्हाला माहीत असणारच.

राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न, आणि मला तो पत्रातला सगळ्यात गंभीर भाग वाटतो, जरी तुम्ही तो दोन वाक्यांत उरकलात. भांडण लिहिलंत यात गैर काही नाही. आपल्या वहीत माणसाने खरं लिहावं. पण ते चार पुरुषांच्या फोनवर गेलं, आणि त्यात तुमचीच बाजू होती. ती नोंद मी वाचली आहे. टीव्हीचा आवाज कमी कर असं त्या किती वेळा म्हणाल्या ते त्यात आहे. का म्हणाल्या ते नाही. त्या दिवशी त्यांचा दिवस कसा गेला होता, मुलगी झोपली होती का, यातलं एक अक्षर नाही. डाळ का शिजली नाही हे शोधायला तुम्ही पाणी बदलून पाहिलंत. इथे साधी चौकशीही केली नाहीत.

यापुढे दोन फायली करा. विषयवार नव्हे, तर एक फक्त तुमची आणि एक पाठवायची. पाठवायच्या फाइलीत घरातल्या कोणाबद्दलही काही असेल तर आधी त्या माणसाला वाचायला द्या. आईंनाही. त्या नको म्हणाल्या तर ती ओळ काढून टाका, कारण न विचारता. भाकरीच्या नोंदीला बहुधा कोणी नको म्हणणार नाही. आणि जी नोंद गेली आहे ती चौघा मित्रांना स्वतः फोन करून काढून टाकायला सांगा, मेसेज नको. त्यानंतर पत्नीला सांगा की तुम्ही तसं सांगितलंय, आणि त्या रात्री काय झालं होतं ते त्यांच्याकडून पूर्ण ऐकून घ्या. त्या बोलत असताना लॅपटॉप बंद ठेवा.